कमलचे उपवास

मुरबाडहून पहिल्या गाडीने मामाचा गडी शहापूरला आला आणि दारातूनच म्हणाला, "कमलताई गेली." कशाने, विचारलं. "साधा ताप होता." त्याला महिना उलटून गेला. लोक अजून वाटेत थांबवून सांगतात, तुझी मामेबहीण फार पुण्यवान, एवढे उपवास कोणाला जमतात! मी मान हलवते. खरं सांगून सांगून थकले आहे...

लहानपणी मामाकडे आम्ही दोघी चुलीपाशी भांडायचो ते तांदळाच्या भाकरीच्या करपलेल्या कडेवरून. कमल दांडगी, ओढून न्यायची. भाताच्या लावणीला बायकांच्या पुढे असायची. मग मामाच्या दुकानात साबणाचं कॅलेंडर आलं. त्यावरच्या बाईची कंबर एवढीशी. म्हसा गावच्या जत्रेत तंबूतला सिनेमा पाहिला, त्यातलीही तशीच. वर्ष सरल्यावर कॅलेंडरवरचं ते चित्र तिने आपल्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलं. "सुमे, माजे दंड बघ गो, गड्यासारखे," म्हणायची. मी म्हणायची, "त्या बाईला लावणीला उभी कर, मग बघू." ती हसायची नाही.

नुसतं जेवण सोडलं असतं तर मामीने धपाटा घालून पानावर बसवलं असतं. पण कमलने सोमवार धरले, मग गुरुवार, शनिवार, एकादश्या, चतुर्थ्या... उपवासाच्या माणसाला आग्रह करायचा नाही, ही आमच्याकडची रीत. फराळाची वरीसुद्धा ती चिवडून गाईला घालायची. शेजारणी आपल्या पोरींना तिचा दाखला द्यायच्या. मामीला केवढा अभिमान! लग्नाचं बघायला आलेली माणसं तिची हाडं बघून परत गेली, तेव्हा कुठे मी मायलेकींना शहापूरच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "हिला दुसरं काही नाही. ही जेवत नाही." मामी भडकली. "देवाचं करते माजी पोर. त्याला रोग म्हनता तुमी?" बाहेर आल्यावर कमलने मला हळूच विचारलं, "अजून दंड जाड दिसतात ना गो?" तिची बांगडी कोपरापर्यंत घसरत होती. मला संताप आला, पण काढायचा कोणावर? त्या कागदावरच्या बाईवर?

तेराव्याला मामीने वरी शिजत घातली. "तिला हेच चालायचं." मी म्हटलं, "मामी, तिला भाकरीची कड आवडायची." मामीने ढवळायचा डाव खाली ठेवला. "हां गो... मी इसरलेच. आई असून इसरले."

परवा पुन्हा गेले होते. मामी भाकऱ्या भाजत होती आणि प्रत्येक भाकरीची कड मोडून चुलीच्या कडेला एका ताटलीत ठेवत होती. सवयीने माझा हात गेला. मामीने तो धरला.

"नको गो, सुमे," ती म्हणाली. "आज सोमवार हाय. आज तरी तिला जेवू दे."