एकशे सदतीस नंबरचा कागद

सर गेले त्या वेळी मी त्यांची चूक खोडत बसली होती.

हातात खोडरबर, समोर रेखाताईंची फाईल, आणि फोन वाजला. काकूंचा, सरांच्या मिसेसचा.
"प्रज्ञा, तुझे सर गेले वं."

आज वर्ष झालं.
वर्षभर हे कुणालाच सांगितलं नाही. मी वकील आहे, पुराव्याशिवाय बोलायची सवय नाही. आमच्या घरात अंगारा-धुपारा कधी शिरला नाही. आज मात्र सांगते. ज्याला हसायचं त्यानं खुशाल हसावं.

सर म्हणजे माझे सीनिअर. बनावट सह्या, खोटे ठराव, मागच्या तारखेचे कागद, असल्या केसेस नागपुरात कुणावर आल्या की लोक सरांचं ऑफिस शोधत सदर भागात यायचे. मी तिथे अकरा वर्षं ज्युनिअर होती.

सरांची एक पद्धत होती. आधी नंबर, मग वाचन.
प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं, स्वतःच्या हातानं. एवढं दाबून की कागदाला खाच पडायची. आम्हाला हात लावू द्यायचे नाहीत.

"सर, कॉम्प्युटरवर दोन मिनिटांत होते."
"होते ना. मंग कागदाची ओळख कवा होईन?"

रेखाताई मौद्याकडच्या एका पतसंस्थेत क्लार्क. खोट्या कर्जाच्या ठरावावर त्यांची सही सापडली. त्यांचं म्हणणं एकच, सही माझी नाही, त्या दिवशी मी ऑफिसात नव्हतीच. मायच्या डोयाचं ऑपरेशन होतं, रजेचा अर्ज देला होता.

मॅनेजर म्हणे, असा अर्ज आलाच नाही.
हजेरीपट? वाळवीनं खाल्ला, म्हणे.
पोलिसांकडून आम्हाला ज्या कॉप्या मिळाल्या, त्यात सगळ्या स्टाफचे रजेचे अर्ज होते. फक्त रेखाताईंचा नव्हता.

"मॅडम, मले सजा झाली त मायले कोण पाहीन?"
दर तारखेला हेच विचारायच्या. मी म्हणायची, होईल सगळं बरोबर.
खरं सांगू? माझा त्यांच्यावरचा विश्वास कधीच उडाला होता.

ॲडमिट व्हायच्या आदल्या दिवशी सरांनी या फाईलला नंबर घातले. मी इंडेक्स करायला बसली तर १३६ नंतर एकदम १३८. रजेच्या अर्जांच्या मधेच.
दवाखान्यात फोन लावला.

"सर, १३७ सुटला."

"सुटला नाही. जागा ठेवली हाय. हात नको लावू."

मला वाटलं, औषधाची गुंगी असेल. आणि मला ना, फाईलमध्ये आकडा चुकलेला खपतच नाही. १३८ ते २१४. सत्याहत्तर आकडे खोडले, नवे टाकले.
शेवटचं पान खोडताना काकूंचा फोन आला.

चार महिन्यांनी मॅनेजर साक्षीला आला. घोकून आला होता पठ्ठ्या, कुठेच अडकला नाही. मी उलटतपास संपवायच्या बेतात होती.

खिडकीतून तिरपं ऊन फाईलवर आलं.
आणि मी खोडलेला आकडा मला दिसला.

रंग नव्हता. नुसती खाच. माझ्या निळ्या १३७ च्या खाली सरांचा १३८. पान उलटलं, माझ्या १३८ खाली त्यांचा १३९. पुढच्या पानावर तेच.

माझ्या मागे कुणीतरी कागद उलटला. अगदी सरांसारखा, सावकाश.
मी वळून पाहिलं. मागचा बाक रिकामा होता.

सरांचं 'जागा ठेवली हाय' कानात आलं, आणि तोंडातून निघालं, "मुद्देमालातले मूळ अर्ज पाहायचे आहेत."
हे मी कधीच मागायला पाहिजे होतं. कॉप्यांवर विसंबून राहिली, माझीच चूक. सरकारी वकिलांनी हरकत घेतली. जजसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.
"आता आठवलं का मॅडम?"
पण परवानगी दिली.

लाखेचं सील माझ्या डोळ्यांसमोर तुटलं. जप्तीपासून तो गठ्ठा कुणी उघडला नव्हता. सरांनीही नाही.

आमच्या कॉपीवर १३६ नंबर होता तो अर्ज. त्याच्या पाठीला डिंकानं चिकटलेला एक पिवळट कागद. मग सरांनी कॉपीवर १३८ घातलेला.
झेरॉक्स काढताना दोन कागद एकच समजले असतील.

रेखाताईंचा अर्ज होता तो. तारीख तीच. खाली "मंजूर" आणि मॅनेजरची सही.
मॅनेजरनं प्यायला पाणी मागितलं.

रेखाताई निर्दोष सुटल्या. कोर्टाच्या पायऱ्यांवर माझा हात धरून म्हणाल्या, "सरनं मले एकदाच विचारलं होतं, बाई, अर्ज खरंच देला का? मी हो म्हनलं. मंग त्यायनं पुन्हा कवाच नाही विचारलं."

मी त्यांना किती वेळा विचारलं होतं, देव जाणे. लाज वाटली हो.

सरांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला म्हणून जागा सोडली, इथपर्यंत मला समजतं. पण ते अर्ज तारखेनं लावलेले नव्हते, कसेही टाचले होते. मग नेमकी तीच जागा कशी?
तेव्हापासून विचार करून राहिली आहे.

सरांची लाल पेन्सिल काकूंनी मला दिली. आता मीही हातानंच नंबर घालते.

आज सकाळी नवीन फाईलला घातले. नंतर सहज पाहिलं तर ५२ च्या पुढे ५४.
खोडरबर शेजारीच होतं.

मग बाहेर बाकावर बसलेल्या पक्षकाराला आत बोलावलं. म्हटलं, "बसा काका. तुम्ही दिला म्हणता तो कागद कोणता? मी ऐकून राहिली आहे."

नमस्कार सर.
हात नाही लावला.