आईच्या रकान्यातली खूण

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखीच्या माणसांपुढं माझी जीभ रेटत नाही.

मी शिक्षिका. राहते मीरा रोडला, पण माहेर जवळच्याच मुर्धा गावातलं, कोळ्यांचं. तिथं घरात संडास नाही, हे माझ्या शाळेतल्या बायकांना कळू नये म्हणून काय काय आटापिटा केला! एकाही मैत्रिणीला कधी माहेरी नेलं नाही. हसू येतं ना? — मला नाही येत.

मग पालिकेच्या घर-पाहणीची ड्युटी लागली आणि नेमकं मुर्धाच वाट्याला आलं. माझे फॉर्म तपासणार होत्या स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी बसणाऱ्या बाई.

आई एकटीच असते. सुकट निवडत बसली होती. लेक सरकारी कामाला आली म्हणून तिनं पदर सावरला, मला खुर्ची पुसून दिली आणि परक्या बाईला द्यावीत तशी जपून उत्तरं दिली. भिंती, छप्पर, नळ. मग तो प्रश्न.

"न्हाय. लिव, न्हाय," ती म्हणाली.

मी 'आहे'वर खूण केली. तिला वाचता येत नाही.

पुढं काय होणार, ते मला ठाऊक नव्हतं का? — होतं. ज्या घरांत संडास नाही, त्यांनाच तो बांधून मिळणार, हे ड्युटीच्या आधीच सांगितलं होतं.

यादी लागली. शेजारच्या घरांत संडास झाले. आई अजून गुडघे धरत गल्लीच्या टोकाला सार्वजनिक संडासात जाते. शेजारणी 'आमच्याकडं ये' म्हणतात, पण तिला संकोच वाटतो. पूर्वी निदान वाटेत त्यांची सोबत असायची. आता ती एकटीच जाते, एकटीच येते. मी माझ्या पैशानं बांधून द्यायचा, तरी परवानगीसाठी पालिकेकडं अर्ज करावा लागतो — आणि अर्ज केला की माझीच नोंद खोटी ठरते. मी अर्ज केलेला नाही. मी भित्री आहे, दुसरं काय?

परवा भाकरी थापता थापता आई म्हणाली, "मीच कायतरी चुकीचं सांगितलं आसंल, बाय. मला कुठं काय कलतंय."

मी म्हटलं, "असेल."

आणि तिनं वाढलेलं जेवून घरी आले.