झाडांच्या गल्लीतलं अरुंद घर

पन्नाशी उलटली तरी तिला सगळे बेबीच म्हणत. माहेरी शेंडेफळ म्हणून पडलेलं नाव तिच्यासोबत सासरी आलं आणि पुढे पार्लरच्या पाटीवरही चढलं. पार्लर म्हणजे बाजारामागच्या इमारतीतला एक गाळा, एक आरसा आणि एक भलीजड लोखंडी खुर्ची. पण बेबीची कात्री झकास चालायची आणि जीभ त्याहून झकास, त्यामुळे केस वाढायच्या आधीच बायका येऊन बसत.

ज्यांना घराबाहेर पडवत नसे त्यांच्याकडे ती स्वतः जाई. अशीच ती दर महिन्याला झाडांच्या गल्लीत जायची, दातांच्या डॉक्टरांच्या बायकोकडे. त्या गल्लीवर निम्म्या शहराचा डोळा. जुनी घरं एकमेकांना खेटून उभी, दारापर्यंत दगडी पायऱ्या, डोक्यावर गार सावली. घर विकायला निघालं की पाटी लागायच्या आत गिऱ्हाईक हजर. त्यात डॉक्टरांचं घर सगळ्यांत अरुंद. दोन जाड्या माणसांच्या मधे बसलेल्या पोरासारखं अंग चोरून उभं. वरच्या खोलीत खिडकीपाशी डॉक्टरीणबाईंचे केस कापताना बेबी म्हणायची, असा उजेड माझ्या गाळ्यात असता तर एकीलाही पांढरा केस लपवता आला नसता.

डॉक्टरीणबाई गेल्या. वर्षभराने डॉक्टरांनी पलीकडच्या रस्त्यावर मुलीकडे राहायला जायचं ठरवलं आणि घर बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. एकाला जिना तोडून लिफ्ट हवी होती, दुसऱ्याला शेजारचं घर घेऊन मधली भिंत पाडायची होती. डॉक्टरांनी सगळ्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

बेबीने जेवताना ते घर घ्यायचा विषय हळूच काढला. नवरा बसचा ड्रायव्हर, ब्रेक मारायची सवय हाडात मुरलेली. हातातला घास हातातच ठेवून त्याने विचारलं, "तीन मजले? आणि आईचे गुडघे?" सासूबाई गप्प राहिल्या. त्या गप्प म्हणजे वादळाची तयारी, हे दोघांनाही ठाऊक होतं.

तरी रविवारी तिघं गेली. सासूबाई खालच्याच खोलीत खिडकीपाशी टेकल्या. वर बेबी जिन्याच्या कठड्यावरून हात फिरवत हिंडली, तर नवरा नळ सोडून बघत आणि भिंतींची ओल शोधत फिरला. ओल निघालीही थोडी, तेव्हा त्याला जरा बरं वाटलं. खाली येऊन बघतात तो सासूबाई खिडकीतून एका कुत्रेवाल्या बाईशी गप्पा मारतायत, आणि त्या बाईच्या सुनेचं बाळंतपण कुठवर आलंय तेही त्यांना कळलेलं.

"मला वर जायचंच कशाला?" त्या म्हणाल्या. "सगळं जग इथे खाली चाललंय. ही खोली माझी. वर तुम्ही काय तो धुडगूस घाला."



डॉक्टरांनी बेबीला एवढंच विचारलं, "तू इथे काय काय बदलशील?"

"ओल तेवढी काढीन," ती म्हणाली. "आणि वर केस कापीन. बाईंचे कापायची तिथेच."

डॉक्टर बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग नवऱ्याला जवळ बसवून व्यवहाराचं बोलू लागले. गाळा विकून, बँकेच्या पायऱ्या झिजवून, जमलं एकदाचं.

सामान आलं त्या सकाळी पार्लरची खुर्ची जिन्याच्या वळणावर अडकली. ना वर ना खाली. हमालांनी हात टेकले. मोठ्या कष्टाने ती मागे काढली, तर खाली ठेवायला जागा नाही, कारण सासूबाई आपल्या खोलीतली वीतभर जागा सोडायला तयार नव्हत्या. तेवढ्यात डॉक्टर आपल्या कुंड्या न्यायला आले. खुर्ची बघून त्यांना हसूच फुटलं. एकेकाळी त्यांचा दवाखाना याच घरात वर होता, तेव्हा दवाखान्याची खुर्चीही अशीच अडली होती आणि शेवटी खिडकीतून वर गेली होती. छपराखालचा लोखंडी आकडा अजून शाबूत होता.

दोर आला. तो ओढायला आधी कुत्रेवाली बाई आली, मग कोपऱ्यावरचा बेकरीवाला पिठाच्या हातांनी, आणि मग शेजारचे निवृत्त न्यायाधीश, तेही अर्ध्या चड्डीत. सासूबाई फुटपाथवर स्टुलावर बसून हुकूम सोडत होत्या, आणि न्यायाधीश ते निमूटपणे पाळत होते. खुर्ची हेलकावे खात वर चढली, एका फांदीला घासली, सगळ्यांच्या डोक्यावर पानं पडली, आणि बेबीने खिडकीतून वाकून तिला आत खेचलं. गल्लीने टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी ताटं कुठल्या खोक्यात आहेत ते सापडेना. न्यायाधीशांच्या बायकोने पाठवलेलं गरम जेवण तिघांनी झाकणांवर वाढून घेतलं. गल्लीत कोणाचं कोणाशी पटत नाही, हे सासूबाईंनी दोघांना समजावून सांगितलं. मग नवरा उगाचच तिन्ही मजले चढउतार करू लागला, दिवे लावत, खिडक्या उघडत, शीळ घालत. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याला शीळ येते हे बेबीला त्या दिवशी कळलं.