बोकडछाप बाटलीची दहा वर्षं

पनवेलच्या बेने इस्रायल ज्यू समाजातले इनॉक आपटेकर मुंबईच्या गोदीत कारकून होते. एकदा कुणाला हो म्हटलं, की ते काम तडीस न्यायचं, मग ते कितीही बिनमहत्त्वाचं असो, असा त्यांचा स्वभाव होता.

१९४०च्या जानेवारीत फान डेल्डन नावाच्या डच कप्तानाने त्यांना जर्मन पद्धतीच्या बॉक बिअरची एक बाटली दिली. काळसर, कडक बिअर. लेबलावर शिंगं उगारलेला बोकड. "ही दहा वर्षं ठेव. मीही एक ठेवतो. मग ताजीशी ताडून पाहू," असं कप्तान म्हणाला. आपटेकर हो म्हणाले.

बाटली कोठीच्या खोलीत, रांजणामागच्या अंधारात उभी राहिली. दोनदा घर बदललं, तेव्हा ती धोतरात गुंडाळून टांग्यातून आपटेकरांच्या मांडीवर आली. आलेगेले विचारत, "ही कधी पिणार?" आपटेकर तारीख सांगत.

दहा वर्षं भरली त्या महिन्यात दुसऱ्याच एका जहाजावरून ताजी बाटली आणि चिठ्ठी आली. कप्तानाने लिहिलं होतं : 'माझी बाटली घराबरोबर बाँबमध्ये गेली. तुझी कशी निघाली, ते कळव.'

दारूबंदी तोंडावर आली होती. आपटेकरांनी रविवारची दुपार ठरवली. करंज्याचे काशिराम कोळी त्यांचे जुने स्नेही. ते होडीतून भुसा लावलेला बर्फ घेऊन आले. बर्फाला बोंबलाचा वास होता. बाटल्या दोनदा धुवाव्या लागल्या.

आधी ताजी उघडली. पेल्यात बोटभर फेस चढला. भाकरीच्या करपलेल्या पापुद्र्यासारखी आणि मागून काकवीसारखी चव.

"ही बरी हाय," काशिराम म्हणाले.

मग जुनी. बूच निघालं, पण फुस्सदेखील झालं नाही. फेस नाही. तळाशी गाळ. आधी ओल्या पुठ्ठ्याचा वास आला, मग खजुराचा. आपटेकरांनी डोळे मिटून एक घोट घेतला, मग आणखी एक.

"बिगाडली काय?" काशिरामांनी विचारलं.

"नाही. गोड झालीय. कुठेतरी चाखलेली चव आहे."

पत्नी सोफीबाईंनी पेला घेतला, एक घोट घेतला आणि खाली ठेवला. "अहो, हे तर मनुकांचं सरबत. दर शुक्रवारी शब्बाथला तुम्हाला देते तेच. सकाळी मनुका भिजत घातल्या की संध्याकाळी तयार. दहा वर्षं कशाला हवीत?"

काशिराम हसले नाहीत. त्यांनी दोन्ही पेले पुन्हा चाखले. "वैनी बोलतात ते खोटं नाय. पन ह्ये जास्त चढतंय."

आपटेकरांनी त्याच संध्याकाळी कप्तानाला इंग्रजीत दोन पानं लिहिली : रंग, फेस, वास, चव. ओल्या पुठ्ठ्याचा वासही लपवला नाही. शेवटी पत्नीचं मतही जसंच्या तसं दिलं. ते लिहिताना मात्र त्यांचा हात थोडा थांबला. घर गेलेल्या माणसाला ते कसं वाटेल, कळेना.

अडीच महिन्यांनी उत्तर आलं. जुन्या बिअरबद्दल कप्तानाने एकच ओळ लिहिली होती : 'म्हणजे ती टिकली.' बाकी सगळं पत्र सोफीबाईंना होतं. मनुका किती, पाणी किती, गाळायचं कशातून.

"मूठभर लिहा," सोफीबाई म्हणाल्या.

"कुणाची मूठ?" आपटेकरांनी विचारलं. कप्तान धिप्पाड होता.

त्यांनी सोफीबाईंची मूठ कागदावर ठेवून तिच्याभोवती पेन्सिलीने रेघ ओढली, आणि तो कागद पाकिटात घातला.