खऱ्या मापाची कॉट

आमचे मामा कुणाकडेही गेले की आधी कॉट मोजतात, चहा नंतर. माझं लग्न ठरलं तेव्हा होणाऱ्या सासरी त्यांनी कपाटाला टेप लावली. मुलाबद्दल मात्र एक अक्षर विचारलं नाही! मामीने तेव्हा कपाळावर हात मारून घेतला.

मामा इमारतींचे नकाशे काढतात. त्यांच्या ऑफिसात एक जुनी रीत आहे. नकाशातली खोली ऐसपैस दिसावी म्हणून तिच्यात कॉट लहान काढायची. साडेसहा फुटांची कॉट कागदावर गुपचूप पाच फुटांची होते आणि घर घेणारा खूश होतो. मामा मात्र खऱ्या मापाची कॉट काढतात, त्यामुळे त्यांच्या खोल्या कायम लहान दिसतात आणि साहेबांचा पारा चढतो.

यंदा एक मोडकळीला आलेली इमारत पाडून तिथल्याच भाडेकरूंना नवी घरं द्यायची होती. मामांनी मजल्यावर सहा घरं बसवली. साहेबांना सात हवी होती.

"कॉट जरा आखडा की!" साहेब म्हणाले.

"कॉट आखडेल साहेब, माणूस कसा आखडायचा?"

"मग हे काम दुसऱ्याला देतो."

मामा दोन दिवस नीट जेवले नाहीत. रविवारी त्यांनी गच्चीवर पांढऱ्या फक्कीने साहेबांच्या सात घरांपैकी एका घराची खोली आखली, अगदी खऱ्या मापात. आमची कॉट आणि कपाट वर चढवताना माझी कंबर गेली, ते कुणी विचारू नये. मग साहेबांना बोलावून मामा कॉटवर आडवे झाले.

"मी आजारी आहे. खुर्ची घेऊन जवळ बसा."

साहेबांनी खुर्ची उशाशी लावून पाहिली, पायथ्याशी लावून पाहिली. कपाट आडवं आलं. शेवटी ती जिथे टेकली, ती जागा रेघेच्या पलीकडे होती.

"साहेब, तुम्ही शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात बसलाय," मी म्हणाले. मामी खो-खो हसली.

मामा हसले नाहीत. वर आभाळाकडे बघत म्हणाले, "आधीच्या घरात आमच्या आईजवळ असंच बसता यायचं नाही. हिने चार महिने उभ्याने भरवलं तिला. त्या घराचा नकाशा मीच काढला होता, लहान कॉट घालून."

मामीचं हसू थांबलं. हे तिला ठाऊकच नव्हतं. आजीच्या आजारपणात त्या नकाशावाल्याचा तिने रोज उद्धार केला होता, आणि मामा समोर बसून मुकाट ऐकत होते. मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं.

साहेबांनी बुटाने फक्कीची रेघ पुसली. "सहाच काढा," म्हणाले आणि जिना उतरले.

मामी मात्र कॉटशेजारी उभीच राहिली. "अहो, तेव्हाच सांगितलं असतंत," ती म्हणाली, "तर शिव्या जरा कमी दिल्या असत्या."