पालथ्या पडलेल्याला हुद्दा नसतो

हळदीचं पेव, म्हणजे हळद साठवायचं जमिनीतलं खोल कोठार, उघडलं की आत कोंडलेली हवा माणसाला आडवं करते. म्हणून सांगलीच्या आमच्या पेढीवर शेठजींनी पलटणीच्या दवाखान्यात नोकरी करून लढाई संपल्यावर परतलेला वडूजचा एक हवालदार नेमला. गुदमरलेल्याला पालथं घालून, पाठ दाबून त्याचा श्वास कसा चालू करायचा, हे तो आम्हा कारकुनांना आणि हमालांना शिकवायचा.

पण पालथं पडायला कोणी तयार नसायचं. हमालाच्या पाठीला हात लावणं कारकुनांना जड जायचं आणि दिवाणजी तर खुर्चीवरून उठतच नसत. शेवटी हवालदार स्वतःच मढं व्हायचा आणि मढ्यातूनच हुकूम सोडायचा, "हळू रं गड्या, मेल्यालाबी बरगड्या असत्यात."

एकदा हळद बघायला वाकलेले दिवाणजीच पेवाच्या काठावर कोसळले. हमालांनी त्यांना बाजूला ओढून पालथं घातलं, पण पुढं कुणाचा हात धजेना. एक हमाल कानाशी वाकून अदबीनं म्हणाला, "आवं दिवाणजी, दाबू का?"

हवालदार तिथंच उभा होता. तो स्वतः पुढं झाला नाही. शिकवलेलं कितपत उतरलंय, हे त्याला बघायचं असावं. "पालथ्या पडल्याला हुद्दा नसतो रं," तो म्हणाला. "दाब."

हमालानं दाबलं. थोड्या वेळानं दिवाणजी खोकले, उठून बसले आणि पहिलं काय विचारलं, तर "माझ्या पाठीला हात कुणी लावला?"

"म्या," हवालदार म्हणाला. त्याचे हात स्वच्छ होते.

दिवाणजींचं समाधान झालं. पांढऱ्या कोटाच्या पाठीवर हळदीचे दोन पिवळे पंजे घेऊन ते भर पेठेतून घरी गेले.