नवा पासवर्ड

ऑफिसचा लॅपटॉप घरी वापरायचा तर घरचं वाय-फाय बाहेरच्या कुणाला देऊ नका, अशी ऑफिसने तंबीच दिली, म्हणून काल दमून घरी आल्यावर वाय-फायचा पासवर्ड बदलला. जुना पासवर्ड फ्रिजशेजारच्या कॅलेंडरवर लिहिलेला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना पाठ होता. बदलल्याबरोबर मोबाइलवर दिसणाऱ्या, आमचं वाय-फाय वापरणाऱ्यांच्या यादीतली नावं गळाली. त्यात एक नाव शालिनीकाकूंचं होतं. काकू समोर एकट्या राहतात. रोज संध्याकाळी आमच्या वाय-फायवरून त्या परदेशातल्या लेकीशी बोलायच्या.

आज संध्याकाळी त्या दारात आल्या.

"विरजण आहे का गं?"

मी आमच्याच वाटीत घालून दिलं. त्या तरीही घुटमळल्या.

"आणखी काही हवं होतं का, काकू?"

"काही नाही. दमलेली दिसतेस, बस जरा."

विरजण मागताना आपल्याकडे कुणाला संकोच वाटत नाही. पासवर्ड मागायची रीत मात्र अजून पडलेली नाही. त्यांनी मागितला नाही. ऑफिसची तंबी आठवून मीही आपणहून दिला नाही. यादीत आता फक्त आमची नावं आहेत.

तासाभराने काकूंनी वाटी परत केली. रिकामी कशी द्यायची, म्हणून तिच्यात दोन लाडू होते.